कंपनीचं वार्तापत्र लोक खरंच वाचतील, असं कसं काढायचं?

निळी शाई

नमस्कार मंडळी.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीच्या अंतर्गत वार्तापत्राचं काम माझ्याकडे आलं. सहाशेच्या आसपास माणसं आहेत. निम्म्याहून जास्त शॉप फ्लोअरवर, तीन पाळ्यांत. बाकीची ऑफिसात, काही फिरतीवर. दर महिन्याला सोळा पानी पीडीएफ ईमेलने जाते आणि प्रत्येक विभागाच्या नोटीस बोर्डावर एक छापील प्रत लागते.

काम हातात घेतल्यावर आधी मागच्या वर्षाचे बाराही अंक ओळीने वाचून काढले. पहिल्या पानावर एमडींचा संदेश. मग पाहुण्यांच्या भेटी, मिळालेली प्रमाणपत्रं, फीत कापतानाचे फोटो, प्रशिक्षण शिबिरं. ‘यशस्वीरीत्या पार पडला’ हे शब्द किती वेळा आलेत ते मोजायला घेतलं आणि एकतीसवर थांबले. जे वाचून कुणाला उद्या सकाळी काही वेगळं करावं लागेल, असं वाक्य मात्र बारा अंकांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच सापडलं.

त्याच आठवड्यात पॅकिंगच्या बोर्डापाशी उभी होते. तिथल्या अंकाचं शेवटचं पान खालून फाडलेलं दिसलं. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या कोपऱ्यात कंपनीच्या बसच्या बदललेल्या वेळा होत्या. कुणीतरी तेवढाच तुकडा नेला होता. बाकीच्या पानांना साधी घडीही पडलेली नव्हती.

तो फाटका कोपरा डोक्यातून जात नाही. लोक वाचत नाहीत ही तक्रार मी ऑफिसात रोज ऐकते. पण ज्याने तो कागद फाडला त्याने वाचलं होतं, आणि त्याला ते इतकं हवं होतं की खिशात घालून नेलं. आणखी काहीतरी फाडून न्यावंसं वाटेल, असा अंक मला काढायचा आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी हे काम केलंय, किंवा ज्यांच्या हातात असे अंक येतात, त्यांनी मोकळेपणाने लिहा. अंक केवढा असावा, किती दिवसांनी यावा, कुणी लिहावा? आणि एमडींच्या संदेशाचं काय करावं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो.

दुसरी_पाळी

मी बोर्डासमोरून रोज जाणाऱ्यांपैकी. कंपनी वेगळी, बोर्ड तसाच.

आमच्या लाइनवर बत्तीस जण आहेत. कंपनीचा ईमेल आहे दोघांना, सुपरवायझरला आणि मला. त्यामुळे ‘अंक सगळ्यांना ईमेलने जातो’ असं ऑफिस म्हणतं, तेव्हा त्या सगळ्यांत आमचे तीस जण नसतातच. मजकुराचं नंतर बघा. आधी कुठल्या विभागात कुणाच्या हातात नेमकं काय पडतं ते फिरून लिहून काढा.

काय वाचायला हवंय ते सांगतो. नवीन मशीन येणार असेल तर कधी, आणि जुन्या मशीनवरच्या माणसांना कुठे घेणार. सुट्ट्यांच्या यादीत बदल झाला का. मागच्या महिन्यात एकाचा हात अडकला होता, तो का अडकला आणि आता तिथे गार्ड लावला का. मोठी ऑर्डर हातची गेली असेल तर कशामुळे गेली. यातलं बरंच आम्हाला कळतं, नाही असं नाही. पण ते माल घेऊन येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून कळतं. आपल्याच कंपनीची बातमी बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकावी लागते तेव्हा वाईट वाटतं. महिन्याभराने त्याच विषयावर गुळगुळीत कागदावर हसरे फोटो येतात तेव्हा त्याहून वाईट वाटतं.

लांबीचं म्हणाल तर ब्रेक दहा मिनिटांचा असतो. त्यातली चार हात धुण्यात आणि रांगेत जातात. उभ्या उभ्या वाचून होईल एवढंच द्या. कागदाची एक बाजू, फार तर दोन.

सांजवारा

धागा वाचनखुणांत साठवला. पुढच्या तिमाहीत हेच काम माझ्या गळ्यात पडणार आहे. दुसरी_पाळी यांचा प्रतिसाद प्रिंट काढून साहेबांना दाखवणार.

प्रूफशोधक

अकरा वर्षं एका कारखान्याची गृहपत्रिका सांभाळली. मांडणी, छपाई, कागद यांवर पुष्कळ बोलता येईल, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधी सांगतो. नावं.

एका अंकात निवृत्त होणाऱ्या एका फिटरचा फोटो छापला होता. छत्तीस वर्षं नोकरी. फोटोखाली त्यांचं आडनाव चुकलं. एकच अक्षर, पण त्या अक्षराने ते दुसरंच आडनाव झालं. अंक वाटून झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज चढवला नाही. अंक उघडला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे घरी दाखवायचं होतं.” त्या बोटाच्या पेराला वंगणाचा काळा डाग होता, तो त्या ओळीवर उमटला. मी उरलेल्या प्रती परत मागवल्या, ते पान पुन्हा छापून घेतलं आणि नवी प्रत त्यांना घरी नेऊन दिली. पण त्यांच्या विभागातल्या चाळीस जणांनी चुकलेलं नाव वाचलेलं होतं, ते काही परत घेता आलं नाही.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली. नाव हजेरीपटावरून उतरवून घ्यायचं नाही, कारण चूक तिथेच असू शकते. ज्याचं नाव त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्यायचं. फोटोत नऊ जण असतील तर फोटोओळीत नऊ नावं, डावीकडून उजवीकडे, मागची रांग वेगळी, पुढची वेगळी. ‘आणि इतर सहकारी’ असं कधीही छापायचं नाही. तो इतर सहकारी अंक हातात घेऊन आधी फोटोओळच वाचतो. नववं नाव मिळवायला एक दिवस जादा लागला तर लागू द्यावा, अंक एक दिवस उशिरा काढावा.

तारीख छापली की वार कॅलेंडरवर ताडून बघायचा. फोन नंबर असेल तर प्रूफावरून डायल करून बघायचा, फाइलमधून नाही, कारण चूक कागदावर उतरताना होते. आणि शेवटचं प्रूफ स्क्रीनवर वाचायचं नाही. कागदावर काढून, मजकुराशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला सांगायचं. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य मोडायचं.

खिळामुद्रा

कंपन्यांच्या पत्रिका हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडं मागे जातो. अवांतर वाटलं तरी मुद्द्याला धरून आहे.

जॉन डीअर ही नांगर आणि शेतीची अवजारं बनवणारी अमेरिकन कंपनी. तिने १८९५ साली ‘द फरो’ नावाचं नियतकालिक सुरू केलं, ते आजही निघतं. ते शेतकऱ्यांसाठी, म्हणजे ग्राहकांसाठी आहे आणि शेतीच्या माहितीवर उभं राहिलं. वाचणाऱ्याच्या कामाचं काहीतरी त्यात असतं म्हणून सव्वाशेहून जास्त वर्षं टिकलं, असं माझं मत आहे.

उलट उदाहरण त्याच्याही आधीचं आहे, आणि तुमच्या कामाला ते जास्त लागू पडतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे कापडगिरण्या होत्या, त्यांत हजारो तरुण मुली काम करायच्या. त्यांनीच लिहिलेलं ‘लोवेल ऑफरिंग’ हे मासिक १८४० साली निघालं. कविता, गोष्टी, घरच्या आठवणी. गिरणीतल्या मुली इतकं चांगलं लिहितात याचं दूरदूर कौतुक झालं. पण त्याच गिरण्यांत दिवसाला बारा तास आणि त्याहून जास्त काम चालायचं, मजुरी आणि कामाचे तास यांवरून असंतोष वाढत होता, आणि त्यावर मासिकात जवळजवळ काहीच नसायचं. १८४५ मध्ये सारा बॅगली या गिरणी कामगार स्त्रीने जाहीर आरोप केला की हे मासिक मालकांच्या बाजूला झुकलंय आणि टीका करणारे लेख घेत नाही. संपादक हॅरिएट फार्ली यांनी तो नाकारला. फार्ली स्वतः गिरणीत राबलेल्या होत्या, त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यावीशी वाटत नाही. पण त्या वर्षाच्या डिसेंबरात मासिक बंद पडलं. बॅगली तोवर दहा तासांच्या दिवसाच्या चळवळीत पुढे होत्या, आणि कामगारांच्या ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’ या पत्रात लिहीत होत्या.

लिहिणारे कामगार, वाचणारे कामगार, भाषाही चांगली. तरी ज्या प्रश्नावर जेवताना बोलणं चालायचं तो प्रश्न अंकात नव्हता. तुमच्या अंकात काय घ्यायचं याची यादी करण्याआधी, ब्रेकमध्ये लोक कशावर बोलतात त्याची यादी करा.

उंबरठा

मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. वर म्हटलंय त्यातलं बरंच पटतं, पण सगळं छापता येत नाही आणि त्याला कारणं असतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिमाहीचे आकडे किंवा मोठ्या कराराची बातमी बाजाराला कळवण्याआधी वार्तापत्रात देता येत नाही. चौकशी चालू असलेल्या प्रकरणात नाव घेता येत नाही. कुणाच्या आजारपणाचा, कुटुंबाचा तपशील त्याच्या परवानगीशिवाय देता येत नाही. जखमी झालेल्या माणसाचं नाव देऊ नका. मशीनचं द्या, कारण द्या, उपाय द्या.

पण छापता येत नाही आणि छापायला आवडत नाही, या दोन गोष्टींची आमच्याकडे गल्लत होते हे मी कबूल करतो. ज्या प्रश्नाचं उत्तर आज देता येत नाही तो प्रश्न तरी छापा. ‘या प्रश्नाचं उत्तर अमक्या तारखेला देऊ’ असं लिहा आणि त्या तारखेला द्या. मी हे दोन वर्षं करतोय. उत्तर ‘नाही’ असलं तरी लोक ऐकून घेतात. तारीख चुकली तर मात्र पुढचे तीन अंक कुणी हातात धरत नाही.

मंजुरीबद्दलही सांगतो, कारण अंक तिथेच मरतो. आमच्याकडे प्रत्येक मजकूर पाच जणांकडे जायचा आणि प्रत्येक जण एक विशेषण वाढवून परत पाठवायचा. आता दोनच जण बघतात. तपशील बरोबर आहे का हे ज्याचा विषय तो सांगतो, आणि कायद्याने चालेल का हे एक जण सांगतो. भाषा संपादकाची. हे कंपनीकडून आधी लेखी घ्या, पहिल्या अंकाच्या आधी. नंतर मिळत नाही.

आकडेमोड

ऑफिसातल्या आणि फिरतीवरच्या लोकांसाठी ईमेल राहणारच, म्हणून त्याबद्दल.

पीडीएफ जोडून पाठवणं थांबवा. दोन कॉलमचं ए-फोर पान फोनवर वाचायचं म्हणजे बोटांनी मोठं करत डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. मजकूर ईमेलमध्येच द्या, एकाच कॉलममध्ये. मोठा लेख असेल तर चार ओळी आणि लिंक. जीमेल १०२ किलोबाइटांच्या पुढचा ईमेल मधेच कापतं आणि खाली पूर्ण संदेश पाहण्याची लिंक ठेवतं. ही मर्यादा मजकूर आणि कोडची आहे, चित्रांची नाही. देवनागरीसारख्या लिपीत यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या रूढ पद्धतीत, एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे आपण त्या मर्यादेशी लवकर पोचतो. वर्डमधून मजकूर थेट चिकटवला तर सोबत न दिसणारा कोड येतो तो वेगळाच. आधी साध्या टेक्स्टमध्ये चिकटवा, मग तिथून उचला.

सब्जेक्ट लाइनमध्ये ‘मासिक वार्तापत्र, अंक ७’ लिहू नका. आत सगळ्यात कामाचं जे असेल ते लिहा. ‘सोमवारपासून रजेचा अर्ज नव्या फॉर्मवर’ हे वाचून माणूस ईमेल उघडतो. फोनवर पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून महत्त्वाचा शब्द पुढे.

आता ओपन रेटबद्दल, कारण वरचे लोक तोच आकडा मागतात. ईमेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की ‘उघडला’ असं मोजलं जातं. २०२१ मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ज्यांनी ते चालू ठेवलंय त्यांच्या मेल ॲपमध्ये माणसाने ईमेल बघितला नाही तरी ती चित्रं आधीच उतरवली जातात. दुसऱ्या टोकाला, कंपन्यांच्या बऱ्याच मेलबॉक्समध्ये चित्रं अडवलेली असतात, तिथे वाचलेला ईमेलही ‘न उघडलेला’ ठरतो. मी गेली काही वर्षं हा आकडा अहवालात देणंच बंद केलंय. त्याऐवजी अंकात रजेच्या फॉर्मबद्दल लिहिलं, तर पुढच्या आठवड्यात त्याबद्दल एचआरला येणारे फोन कमी झाले का, ते बघतो. किती जणांनी उत्तर पाठवलं ते बघतो. आकडा लहान असतो, पण त्यामागे माणूस असतो.

एक ताकीद. आधीच्या एका नोकरीत वार्तापत्र पाठवताना कुणीतरी चारशे ग्राहकांचे पत्ते बीसीसीऐवजी (जिथे ते इतरांना दिसत नाहीत) सीसीमध्ये (जिथे सगळ्यांना दिसतात) टाकले होते. दहा मिनिटांत लोक ‘मला यातून काढा’ असं सगळ्यांना उत्तर देऊ लागले. दिवसभर माफीचे फोन केले. बाहेरच्या लोकांना पाठवायचं असेल तर साध्या मेलबॉक्समधून पाठवूच नका, त्यासाठीची सेवा वापरा. यादीत तेच ठेवा ज्यांनी स्वतः होकार दिलाय. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत. गूगलच्या लेखी मोठं म्हणजे दिवसाला पाच हजारांच्या पुढे. अशा मोठ्या पाठवणाऱ्यांना स्वतःची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तांत्रिक नोंदी लागतात, एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. यादी लहान असली तरी हे सगळं करून ठेवा. नाव काढायचं बटण सापडलं नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

शांत दुपार

माझी दृष्टी अधू आहे, ऑफिसात स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते. आमचं वार्तापत्र दर महिन्याला एकच मोठं चित्र म्हणून येतं. मजकूर त्या चित्रात. माझा स्क्रीन रीडर म्हणतो, “चित्र”, आणि गप्प होतो. माझ्या विभागाला बक्षीस मिळालं होतं तो अंक मला शेजारच्या सहकारी बाईंनी वाचून दाखवला.

मजकूर हा मजकूर म्हणूनच ठेवा. फोटोला पर्यायी मजकूर लिहा आणि त्यात ‘फोटो १’ नको, फोटोत कोण आहे, काय चाललंय ते हवं. फिकट करड्या अक्षरांचा सोस टाळा. वेब सुलभतेच्या निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक निदान ४.५ ला १ असावा असं सांगितलंय, तो मोजायची फुकट साधनं आहेत. रंगावरच अर्थ अवलंबून ठेवू नका. ‘लाल रंगातल्या पाळ्यांना सुट्टी’ हे वाक्य माझ्यासाठी रिकामं आहे, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या तुमच्या कितीतरी सहकाऱ्यांसाठीही.

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शांत दुपार, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच दिवशी आमची जुनी पीडीएफ स्क्रीन रीडरवर लावून ऐकली. पहिली चार मिनिटं कागदाच्या कडेची नक्षी ऐकू आली. ती नक्षी गेली.

तीन आठवड्यांत काय केलं ते लिहिते. आधी दुसऱ्या पाळीला फ्लोअरवर गेले, जुना अंक घेऊन. ब्रेकमध्ये एका ऑपरेटरना म्हटलं, वाचा, मी नुसती बसते. त्यांनी अंक मागून उघडला. शेवटचं पान, मग त्याच्या आतलं. फोटोत ओळखीचा चेहरा शोधला. पहिल्या पानापर्यंत ते पोचलेच नाहीत. दुसऱ्यांनीही तसंच केलं. आम्ही वर्षानुवर्षं सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जे पहिल्या पानावर टाकत होतो, ते निदान या दोघांच्या लेखी पाठीमागे होतं.

मग मजकूर. हा माझ्याकडे आलेला एक परिच्छेद:

‘कंपनीच्या ब विभागात अत्याधुनिक कंप्रेसर यंत्रणेची यशस्वीरीत्या उभारणी करण्यात आली असून यामुळे उत्पादनक्षमतेत लक्षणीय वाढ होण्यास मदत होणार आहे.’

मी ब विभागात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, काय बदललं? तेव्हा जे कळलं त्यावरून असं लिहिलं:

‘ब विभागातला जुना कंप्रेसर रविवारी पहाटे कायमचा बंद केला. सोमवारी पहिल्या पाळीला आलेल्यांना आधी वाटलं वीज गेलीय, इतकं शांत होतं. नवा कंप्रेसर शेडच्या बाहेर बसवलाय. लाइन ३ आणि ४ वर हवेचा दाब आता दुपारनंतर पडत नाही. कानांचे प्लग मात्र अजून लावायचेच आहेत, ग्राइंडिंगचा आवाज आहे तेवढाच आहे. जुन्या कंप्रेसरवरचे दोघे देखभाल विभागात गेलेत.’

खाली त्या दोघांची नावं. दोघांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली.

त्यांतले एक अठ्ठावीस वर्षं त्या कंप्रेसरवर होते. त्यांना विचारलं, पट्टा तुटणार हे आधी कळायचं का? ते म्हणाले, आवाज बारीक व्हायचा, शिट्टीसारखा, आणि मग दोन तास हातात असायचे. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. दुसऱ्या शेडमध्ये तसलाच पट्टा अजून चालू आहे. ‘शिट्टी ऐकू आली तर दोन तास आहेत’ हा आमचा मथळा झाला.

एमडींचा संदेश काढला नाही. फ्लोअरवरून आलेल्या प्रश्नांतला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न त्यांच्याकडे नेला: नवी लाइन आली की माणसं कमी करणार का? मला धाकधूक होती. त्यांनी कागद बराच वेळ समोर ठेवला, मग स्वतःच लिहायला बसले. सहा वाक्यं. पहिलं असं होतं: ‘या वर्षी कुणालाही कमी करणार नाही, पुढच्या वर्षाचं मी आज सांगू शकत नाही, ऑक्टोबरच्या अंकात सांगेन.’ तेवढंच छापलं, शेवटच्या पानावर, वर.

आता अंक दोन पानी आहे, दर पंधरा दिवसांनी. मोठा फॉन्ट, पाळी सुटताना फाटकावर हातात देतो. ईमेलवर तोच मजकूर.

प्रूफशोधक

कंप्रेसरचा परिच्छेद वाचून फार बरं वाटलं. ‘वीज गेलीय असं वाटलं’ हे ऑफिसात बसून सुचत नाही. पंधरा दिवसांचं मात्र जरा जपून. मी दोनदा पाक्षिक करून बघितलं आणि दोन्ही वेळा सहाव्या अंकाला मजकूर कमी पडून शिबिरांचे फोटो परत आले. पानं भरायची म्हणून भरू नका. एकच पान भरलं तर एकच पान काढा.

दुसरी_पाळी

यावर थोडं असहमत. महिन्याने आलेली बातमी आमच्यासाठी शिळी असते. पंधरवड्याने अर्धं पान आलं तरी चालेल, पण ठरलेल्या दिवशी यावं. बस ठरलेल्या वेळी येते म्हणूनच आम्ही थांब्यावर उभे राहतो.

शिट्टीचं मी आमच्या लाइनवर सांगितलं. एक जण म्हणाला, आपल्या कन्व्हेयरचंही असंच आहे, पण कुणी विचारलं नाही.

उंबरठा

एमडींनी ऑक्टोबर लिहिलंय ना, ते आत्ताच कॅलेंडरवर टाका आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना आठवण करा. ती तारीख आता तुमचीही आहे.

निळी शाई

टाकलं, १ सप्टेंबरला. आणि पाक्षिकाबद्दल दोघांचंही घेते: दिवस पक्का, पानं मजकुराप्रमाणे.

एक शेवटचं विचारायचंय. प्रश्नांसाठी पेटी लावतोय, नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल अशी. टाइम ऑफिसच्या खिडकीजवळ लावावी असं ठरतंय, सगळ्यांना तिथून जावंच लागतं.

दुसरी_पाळी

तिथे नको. टाइम ऑफिसच्या खिडकीवर कॅमेरा असतो, आमच्याकडे तरी आहे. कुणी चिठ्ठी टाकणार नाही. पाण्याच्या कूलरपाशी लावा, आणि शेजारी दोरीला पेन बांधा.